स्लिम की फुल लोडेड?

मंडळी, या कॉलममध्ये आपण आजवर बरंच काही तोलूनमापून बघितलं. भाड्याचा फ्लॅट की स्वतःचा, बाइक की स्कूटर, जिमची वर्षाची मेंबरशिप घ्यायची की महिन्याची... पण या वेळी आलेला प्रश्न वाचून मी जरा चाटच पडले. प्रश्न असा : शर्टाखाली कमरेला लावायचं पिस्तूल घ्यायचं तर कोणतं? सडपातळ, सात-आठ गोळ्यांचं? की जरा जाडजूड, पण पंधरा गोळ्या पोटात मावणारं?

रिलॅक्स! प्रश्न विचारणारा कोणी भाई नाही. हिंजवडीत कोडिंग करणारा, तुमच्या-माझ्यासारखाच पगारदार मुलगा आहे. गाव कारंजा लाड, जिल्हा वाशिम. बाबांची तिथे आडत. सोयाबीनचा सीझन सुरू झाला की शेतकऱ्यांचा चुकारा करायला बँकेतून रोख काढायची आणि दुकानापर्यंत आणायची, हे त्यांचं रोजचं काम. मध्यंतरी त्यांच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याची बॅग दोघा मोटरसायकलवाल्यांनी हिसकावली. तेव्हापासून बाबांनी डोक्यात घेतलं. अर्ज, चौकशी, जबाब, कलेक्टर ऑफिसच्या चकरा असं सगळं करून परवाना मिळाला. आता वस्तू घ्यायचीय. आणि घरातला नेटवरचा एक्स्पर्ट म्हणजे अर्थातच पुण्याचा मुलगा. बाबांचा फोन : "तूच पाहून सांग बाप्पा, पतलं घेऊ का जास्त गोया मावते थे?"

मुलाने रात्रभर व्हिडिओ बघितले आणि त्याचा पार गोंधळ उडाला. कारण ते सगळे व्हिडिओ अमेरिकेतले होते.

तिकडची भांडणं

अमेरिकेत हा वाद आपल्याकडच्या 'पेट्रोल की डिझेल'सारखा आहे. कधीच न संपणारा. त्यामागची गोष्ट मात्र सोपी आहे. गोळ्या मॅगझिनमध्ये एकावर एक रचल्या की पिस्तूल सडपातळ राहतं, पण गोळ्या कमी मावतात. दोन रांगांत तिरक्या रचल्या, मार्केट यार्डात पोत्यांची थप्पी लावतात तशा, की गोळ्या दुप्पट मावतात, पण मूठ जाड होते. तिथल्या ग्लॉक १९ मध्ये १५ गोळ्या मावतात. त्याच कंपनीने २०१५ मध्ये आणलेलं ग्लॉक ४३ सडपातळ, पण त्यात फक्त सहा. मग २०१८ मध्ये सिग सॉअरने पी३६५ काढलं आणि जेमतेम एक इंच जाडीत दहा गोळ्या बसवून दाखवल्या. बस्स, सगळ्या कंपन्या त्याच्या मागे धावल्या.

ऐकायला भारी वाटतं ना? पण कारंज्याच्या आडत्यासाठी यातलं एकही मॉडेल कामाचं नाही. ही सगळी ९ एमएमची पिस्तुलं आहेत आणि आपल्याकडे ९ एमएम हा प्रतिबंधित बोअर आहे. त्याचा परवाना जिल्ह्यातून मिळत नाही, तो विषय थेट केंद्रीय गृह मंत्रालयाचा. शिवाय सामान्य माणसाला परदेशी पिस्तूल आयात करण्याची वाट ऐंशीच्या दशकातच जवळपास बंद झाली. नेमबाजीतले नावाजलेले खेळाडू सोडले तर बाकीच्यांनी फोटो बघून समाधान मानायचं.

आपल्या शोकेसमध्ये काय?

आपल्याकडे साधा परवानाधारक कमरेला लावतो ते बहुतेक वेळा .३२ बोअरचं. दुकानदार त्याला नुसतं 'बत्तीस' म्हणतात. हा छोटासा काडतूस जॉन ब्राउनिंग नावाच्या अमेरिकन डिझायनरने १९व्या शतकाच्या शेवटी बनवला, तोच मुळात खिशात मावणाऱ्या पिस्तुलासाठी. १९६२ च्या 'डॉ. नो'मध्ये जेम्स बॉण्डच्या हातात जे वॉल्थर पीपीके देतात ना, ७.६५ एमएमचं, ते म्हणजे हेच बत्तीस. त्यातही गोळ्या सातच. म्हणजे 'स्लिम' हा बत्तीसचा जन्मजात स्वभाव आहे.

नवीन घ्यायचं तर सरकारी कारखान्यांचा माल समोर येतो. ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड १ ऑक्टोबर २०२१ ला मोडून त्याच्या सात कंपन्या झाल्या. त्यातली छोट्या शस्त्रांची कंपनी म्हणजे कानपूरची अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया. सरकारी बनावटीचं 'अशनी' हे बत्तीसचं पिस्तूल एकेरी रांगेचं आहे, सात-आठ गोळ्यांच्या घरातलं. रिव्हॉल्वर हवं तर सहा गोळ्या. २०१४ मध्ये आलेलं 'निर्भीक' वजनाला अर्ध्या किलोच्या आसपास होतं आणि किमतीला तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेलं 'प्रबल' साधारण ७०० ग्रॅमचं. शिवाय ब्रिटिश नाव लावणारी वेबली अँड स्कॉटची रिव्हॉल्वर आता उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात बनतात.

मग पंधरा गोळ्यांचं पिस्तूल आलं कुठून? तर सेकंडहॅण्ड मार्केटमधून. आयातीची दारं लागण्याआधी किंवा परदेशातून कायमचं परत आलेल्या लोकांच्या सामानातून जी पिस्तुलं देशात आली, तीच आजही एका परवान्यावरून दुसऱ्या परवान्यावर फिरतायत. त्यात चेकोस्लोव्हाकियाचं सीझेड ८३, बत्तीस बोअर, १५ गोळ्या. आणि इटलीचं बेरेटा ८१, १२ गोळ्या. नवीन माल येत नाही म्हटल्यावर भाव काय असणार? देशी नव्या पिस्तुलाच्या कितीतरी पट!

म्हणजे बाबांच्या समोरचा खरा चॉइस हा असा : नवीन, देशी, सडपातळ, आठच्या आत-बाहेर. की जुनं, परदेशी, जाड, पंधरा. आता बोला!

कमरेवरचं गणित

आधी एक गोष्ट क्लिअर करू. सिनेमात कमरेला पिस्तूल दिसतं आणि समोरचे चळाचळा कापतात. कायद्याला ते मंजूर नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचं तर अंगाला लावलेल्या होल्स्टरमध्ये किंवा पाठीवरच्या बॅगेत, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात राहील असंच न्यावं लागतं. दाखवलं, हवेत नाचवलं, तर नियम मोडला. म्हणजे लपवणं ही अमेरिकनांसारखी हौस नाही, ती आपल्याकडे अट आहे. आणि इथे स्लिमला पहिला पॉइंट जातो.

कारण वाशिमचा मे महिना आठवा. पारा ४३-४४ वर. अंगात पातळ सुती हाफ शर्ट. दिवसभर आडतीवर उठबस, ढिगाऱ्यात वाकून मूठभर सोयाबीन उचलायचं, दाताखाली चावून ओलावा बघायचा, मापाऱ्याशी वाद घालायचा, स्कूटरवरून बँकेत जायचं. यात कमरेला काय टिकेल? सीझेड ८३ रिकामं साधारण ८०० ग्रॅमचं. पंधरा गोळ्या भरल्या की ९०० च्या पुढे. जाडी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास. पीपीकेसारखं सडपातळ पिस्तूल भरून साडेसहाशेच्या आत-बाहेर आणि जाडी अडीच सेंटिमीटर. कागदावर फरक एक सेंटिमीटरचा आणि पाव किलोचा. पण हाफ शर्टाखाली तो एक सेंटिमीटर अख्ख्या यार्डाला दिसतो! आणि पाव किलो संध्याकाळी कंबर सांगते.

मग काय होतं? पहिला आठवडा कमरेला. दुसऱ्या आठवड्यात गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये. तिसऱ्या आठवड्यात गाडीच्या डिकीत. जे पिस्तूल अंगावर नाही ते तुमचं रक्षण करत नाही, उलट तुम्हीच त्याची राखण करत बसता. चोरीला गेलं की पोलिस ठाण्यात धावाधाव, आणि परवान्यावर टांगती तलवार ती वेगळीच.

गोळ्यांचं गणित

"पण पंधरा म्हणजे पंधरा ना!" असं बाबांचं म्हणणं. जास्त कोणाला नको असतं?

इथे एक गंमत आहे. पिस्तुलात किती गोळ्या मावतात हे कंपनी ठरवते. तुम्हाला किती मिळतात हे परवाना ठरवतो. जवळ किती काडतुसं ठेवता येतील आणि वर्षाला किती घेता येतील, हे परवान्यावर लिहिलेलं असतं. उदाहरणादाखल समजा ५० चा आकडा आहे. पंधराचं मॅगझिन तीनदा भरून सराव केला की ४५ उडाल्या. उरल्या पाच. म्हणजे पंधराचं पिस्तूल आणि त्यात पाच गोळ्या! आठवाल्याने दोन मॅगझिन सरावाला वापरली तरी त्याच्याकडे चार वेळा भरायला पुरतील इतक्या उरतात. बत्तीसची काडतुसं स्वस्त नाहीत, हेही लक्षात घ्या.

आणि सरावाशिवाय हे सगळंच फोल. सडपातळ पिस्तुलाचा एक तोटा प्रामाणिकपणे सांगायला हवा. मूठ छोटी असते, करंगळी हवेत लटकते, नळी आखूड असल्यामुळे नेम चुकायला वेळ लागत नाही. जाड पिस्तूल हातात छान भरतं आणि निशाणाही स्थिर राहतो. रेंजवर उभं राहून विचारलंत तर सीझेड जिंकेल, डाउट नाही. पण बाबा रेंजवर नाहीत, बँकेच्या पायऱ्यांवर आहेत.

बॅग किती वेळात जाते?

त्या व्यापाऱ्याची बॅग किती वेळात गेली? लोक सांगतात, कळलंच नाही. मागून मोटरसायकल आली, हिसका बसला, माणूस खाली पडला, मोटरसायकल नाहीशी. आता या सीनमध्ये पिस्तूल टाकून बघा. शर्ट वर करायचा, होल्स्टरचं बटण काढायचं, पिस्तूल बाहेर, सेफ्टी खाली, नेम... तोवर ते पुढच्या चौकात! यात आठ गोळ्या आणि पंधरा गोळ्या यांत काडीचा फरक पडत नाही. दोन्हीकडे पहिलीच गोळी सुटत नाही.

आणि समजा सुटली? पाठमोऱ्या माणसावर, भर बाजारात, जिथे हमाल आहेत, चहावाला आहे, शाळेतून येणारी पोरं आहेत? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही स्वसंरक्षणाचा हक्क आहे, नक्कीच आहे. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायला तो हक्क पुरत नाही. जिवाला धोका असताना झाडलेली गोळी वेगळी आणि पळणाऱ्याच्या पाठीत मारलेली वेगळी. ती गोळी का झाडली, हे पुढे कोर्टात वर्षानुवर्षं सांगत बसायचं असतं. निष्काळजीपणे किंवा आनंदाच्या भरात हवेत झाडली तरी २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वरातीत हवेत बार काढणाऱ्या काकांना हे जरूर वाचून दाखवा.

बरं, धोका फक्त चोराकडूनच असतो असंही नाही. १ ऑक्टोबर २०२४ ची पहाट आठवा. अभिनेता गोविंदा कोलकात्याला निघायच्या तयारीत होता, स्वतःचंच परवान्याचं रिव्हॉल्वर हातातून निसटलं आणि गोळी पायात घुसली. ना चोर, ना दरोडा. घर, पहाट आणि घाई. ज्या घरात नातवंडं खेळतात, तिथे याचा विचार मॉडेलच्या आधी करायचा.

सीझनला नेमकं कुठे?

आता यातला सगळ्यात भारी पार्ट. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांची छाननी होते आणि अनेकांना आपलं शस्त्र पोलिस ठाण्यात जमा करावं लागतं. २०२४ मध्ये विधानसभेची आचारसंहिता लागली १५ ऑक्टोबरला आणि मतदान झालं २० नोव्हेंबरला. म्हणजे सोयाबीनची आवक जोरात असण्याचा काळ! यार्डात रांगा, रोजचा चुकारा, रोजची रोख... आणि ज्या दिवसांसाठी पिस्तूल घ्यायचं ते नेमकं त्याच दिवसांत सरकारजमा. त्याच वर्षी यवतमाळ-वाशिम लोकसभेचं मतदान २६ एप्रिलला होतं, म्हणजे उन्हाळ्यातही एकदा तोच फेरा. सडपातळ असो की जाड, पोलिस ठाण्याच्या कपाटात दोन्ही सारखीच झोपतात.

शस्त्र मिरवण्याबद्दल तर बोलायलाच नको. जुलै २०२४ मध्ये पुण्याहून वाशिमला बदली झालेल्या एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याचं प्रकरण देशभर गाजलं. त्याच सुमारास तिच्या आईचा, मुळशीत शेतकऱ्यांसमोर पिस्तूल हातात धरल्याचा जुना व्हिडिओ बाहेर आला. अटक झाली आणि परवाना रद्द का करू नये, अशी नोटीसही निघाली. वर्षअखेरीस बीडमध्ये बाराशेच्या वर शस्त्र परवाने असल्याची चर्चा राज्यभर झाली आणि मग तिथे परवाने रद्द करायला सुरुवात झाली. वातावरण असं असताना रीलमध्ये कंबर दाखवणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

मग घ्यायचं का?

कॉलमच्या नियमाप्रमाणे निकाल द्यायलाच हवा. तर स्लिम विरुद्ध फुल लोडेड या मॅचमध्ये माझं मत स्लिमला. बत्तीस बोअर, देशी, नवीन, ज्याचे स्पेअर आणि दुरुस्ती मिळेल असं. रोज अंगावर राहणाऱ्या सात-आठ गोळ्या या ड्रॉवरमधल्या पंधरांपेक्षा कामाच्या. जुन्या परदेशी पिस्तुलासाठी लाखो रुपये घालणं ही हौस असू शकते, सुरक्षा नाही.

पण खरा मुद्दा त्याच्याही आधीचा आहे. बाबांना पिस्तूल का हवंय? बॅगेत रोख आहे म्हणून. मग बॅग हलकी करता येईल का, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही! मला ठाऊक आहे, सांगायला सोपं आहे. अनेक शेतकऱ्यांना चुकारा रोखच हवा असतो. खात्यात पैसे टाकले की बँक पीक कर्जात वळते करेल, ही भीती असते. मजुराला द्यायचे, डिझेलचे द्यायचे, किराण्याची उधारी फेडायची. आडत्याने रोख नाही म्हटलं तर शेतकरी शेजारच्या दुकानात जातो. म्हणून सगळं एका दिवसात ऑनलाइन होणार नाही.

पण अर्धं तर होईल? मोठ्या पट्ट्या आरटीजीएसने, छोट्या रोख. तसंही २०१७ पासून प्राप्तिकर कायद्याने एका व्यक्तीकडून एका दिवसात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्यावर बंदी आहे, त्यामुळे व्यापाऱ्या-व्यापाऱ्यातले मोठे व्यवहार बँकेतूनच व्हायला हवेत. रोज एकाच वेळी, एकाच रस्त्याने, एकाच बॅगेतून रोख आणायची सवय मोडायला तर एक रुपयाही लागत नाही. दोघांनी जायचं, गाडीतून जायचं, रक्कम दोन खेपांत विभागायची. दहा लाखांची बॅग अडीच लाखांची झाली की चोराचाही इंटरेस्ट कमी होतो आणि बाबांचा बीपीही. एवढं करूनही जिवाची भीती राहिलीच, तर परवाना आहेच.

आणि मित्रा, एक काम फक्त तुझं आहे. बाबांना मॉडेलची लिंक पाठवू नकोस. दिवाळीला घरी जाशील तेव्हा दोन दिवस त्यांच्यासोबत बँकेत जा, यार्डात बस, शेतकऱ्यांच्या खात्यांची यादी करून दे आणि तेवढ्या पट्ट्या मोबाइलवरून पाठवायला शिकव. कोडिंग करतोस ना? मग हे तर सोपंय!

तरीही घेणारच असाल तर...

• दुकानात फक्त बघू नका. तुमचा रोजचा शर्ट घालून जा, रिकामं पिस्तूल होल्स्टरसकट लावा, खाली बसा, वाका, उठा. टोचलं किंवा दिसलं तर ते मॉडेल तुमचं नाही.

• बजेटमध्ये चांगलं होल्स्टर आणि घरातली कुलुपाची तिजोरी दोन्ही धरा. पॅण्टचा खिसा म्हणजे होल्स्टर नव्हे. विदर्भातल्या घामाने गंज चढतो, त्यामुळे पुसणं आणि तेल देणं नियमित हवं.

• हाताळण्याचं रीतसर प्रशिक्षण घ्या. दाखल्यापुरतं नाही, हाताला सवय लागेपर्यंत.

• परवान्यावर क्षेत्र, मुदत आणि काडतुसांची संख्या वाचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षं आणि एका माणसाला शस्त्रं जास्तीत जास्त दोन. पुण्याला मुलाकडे येताना पिस्तूल सोबत आणता येतं का, हे निघण्याआधी बघा. मॉल, मल्टिप्लेक्स, मेट्रो, तुमच्या मुलाचं ऑफिस, कुठेही आत सोडणार नाहीत.

• 'स्वस्तात मिळतंय' म्हणून कोणी कट्टा दाखवला तर तिथून सरळ निघा. विनापरवाना शस्त्र म्हणजे थेट जेल, आणि ते हातातच फुटायचा चान्स वेगळा.

पुढच्या आठवड्यात जरा हलकाफुलका विषय : ऑफिसचा डबा, स्टीलचा की काचेचा? तोपर्यंत टेक केअर!